पऱ्हाटी आणि कोळसा एका भट्टीत: धुराच्या हिशेबाची पार्श्वभूमी

शेवटची वेचणी आटोपली की नागपूर जिल्ह्यात कपाशीची झाडे चिमट्याने उपटून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रचली जातात. थोडी पऱ्हाटी चुलीला लागते, उरलेली बहुधा तिथेच पेटते. कोराडी-खापरखेड्याकडच्या शिवारांत उभे राहिले, तर हा धूर आणि वीज केंद्राच्या धुराड्याचा धूर एकाच नजरेत दिसतो. पिकाचे अवशेष आणि कोळसा एका भट्टीत जाळण्याची कल्पना मात्र इथली नव्हे.

डेन्मार्कमध्ये 1993 च्या राजकीय करारानुसार वीज कंपन्यांनी 2000 सालापर्यंत वर्षाला 14 लाख टन जैवभार (पिकांचे अवशेष, लाकूड असे वनस्पतीजन्य इंधन) जाळावा असे ठरले, आणि त्यात 12 लाख टन पेंढा होता. स्टुडस्ट्रुप येथील 150 मेगावॅटच्या संचात 1996 ते 1998 या काळात कोळशासोबत पेंढा जाळून पाहिला गेला. पेंढ्यात गंधक कमी असते आणि त्यातील पोटॅशियम काही गंधक राखेत धरून ठेवते, म्हणून सल्फर डायऑक्साइड घटतो. पण पोटॅशियम आणि क्लोरीन यांचे क्षार भट्टीच्या उष्णतेत वाफ होऊन पुढे थंडावताना एक मायक्रॉनहूनही बारीक कणांत गोठतात, बॉयलरच्या नळ्यांवर चिकटतात आणि त्यांना गंज चढवतात. कोळशाची राख यातील बरेचसे पोटॅशियम बांधून टाकते, त्यामुळे नुसता पेंढा जाळण्यापेक्षा हे मिश्रण बॉयलरला सोसते.

आपल्याकडे 2017 च्या केंद्रीय धोरणामागे पंजाब-हरियाणातील धानाच्या खुंटांचा धूर होता. कोळशात 5 ते 10 टक्के पेलेट, म्हणजे जैवभार दाबून केलेल्या गोळ्या, मिसळण्याची शिफारस त्यातून आली, उत्तर प्रदेशातील दादरीच्या औष्णिक केंद्रात प्रयोग झाले आणि ऑक्टोबर 2021 मध्ये मिश्रण बंधनकारक करण्यात आले. त्याआधी, डिसेंबर 2015 मध्ये, औष्णिक केंद्रांना सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि पाऱ्याच्या मर्यादा प्रथमच लागू झाल्या होत्या. हे दोन निर्णय एकमेकांची जागा घेऊ शकतात, ही समजूत मला धोक्याची वाटते. आपल्या कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का आणि राख तीस-चाळीस टक्के असते. शेकडा पाच भाग जैवभार मिसळून धुराड्यातले गंधक जेमतेम तेवढ्याच प्रमाणात उतरेल.

खरा फायदा धुऱ्यावर आहे. उघड्यावर पऱ्हाटी कमी तापमानात, अर्धवट जळते. काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले हायड्रोकार्बन माणसाच्या नाकाच्या उंचीवर पसरतात. मोठ्या बॉयलरमध्ये तीच पऱ्हाटी बाराशे अंशांहून अधिक तापमानात जवळपास पूर्ण जळते आणि नीट चालणारा विद्युत अवक्षेपक (विजेच्या भाराने धूळ ओढून घेणारे यंत्र) नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक धूळ पकडतो. लहान कारखान्यांत कोळशासोबत 'पांढरा कोळसा', म्हणजे जैवभार दाबून केलेल्या विटा (ब्रिकेट), जाळतात तिथे हा हिशेब लागू होत नाही: ज्या बॉयलरवर केवळ सायक्लोन, म्हणजे धूर गरगर फिरवून धूळ वेगळी करणारे यंत्र, बसवलेला असतो, तिथे तो सायक्लोन जाडी धूळ खाली पाडतो, पण पोटॅशियमचे ते बारीक कण त्यातून सरळ बाहेर पडतात.