लढाऊ जनावराला हुकूम देणं (टेबलटॉप रोलप्ले गेम)

कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा घेऊन टेबलावर खेळायच्या रोलप्ले गेममध्ये, आपल्या कॅरेक्टरनं पाळलेल्या किंवा विकत घेतलेल्या आणि शिकवून तयार केलेल्या जनावराला (कुत्रा, घोडा, ससाणा वगैरे) ऐन मारामारीत हुकूम देऊन कामाला लावणं. मंत्रानं बोलावलेली जनावरं यात धरत नाहीत, त्यांचे नियम वेगळे. आमच्या सांगली-मिरजेकडं याला सरळ 'छू करणं' म्हणतात आणि ते बरोबरच आहे.

ही कल्पना आली कुठून यावर दोन मतं आहेत. एक मत असं की ती युद्धाच्या खेळांतून आली, कारण १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गेमच मुळात छोट्या पुतळ्यांच्या लढायांतून निघाला, आणि तिथं घोडदळ ही एक तुकडी, हलवली की हलली. दुसरं मत असं की तिची मुळं पगारी नोकरांच्या नियमांत आहेत: १९७४ च्या नियमांत कॅरिस्मा हा आकडा आपल्याला किती माणसं ठेवता येतील आणि ती किती निष्ठेनं राहतील हे ठरवायचा, म्हणजे सोबतचा जीव ऐकेलच असं नाही ही गोष्ट तेव्हापासूनची. मला दुसरं मत जास्त पटतं, कारण तुकडी कधी 'नाही' म्हणत नाही आणि कुत्रा म्हणतो. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (साधारण ११२९-३० च्या आसपासचा ग्रंथ) हत्ती, घोडे, शिकारी कुत्रे यांच्यावर भरपूर मजकूर आहे आणि आपला हा मुलूखही तेव्हा चालुक्यांच्याच अंमलाखाली, म्हणून कुणी त्याच्याशी धागा जोडायला जातं, पण ते ओढूनताणून होतं. टेबलावर वर्णनाला मसाला म्हणून वापरायला मात्र झकास.

यातलाच उपवाद म्हणजे जनावर नक्की कशाला वश होतं, रुबाबाला (कॅरिस्मा) की शहाणपणाला (विस्डम). डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत जनावर हाताळणं विस्डमवर होतं, २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ते कॅरिस्मावर गेलं, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत परत विस्डमवर. पाथफाइंडर या त्याच वळणाच्या दुसऱ्या गेमच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत नेचर (निसर्गाची जाण) हे स्कील लागतं, तेही विस्डमचंच. ज्यानं कधी खिलार बैल दाव्याला धरून बाजारात फिरवलाय तो विस्डमच म्हणेल, पण तिसऱ्या आवृत्तीवाल्यांचंही अगदीच चूक नाही, आवाजात जरब नसली की गल्लीतलं कुत्रंसुद्धा विचारत नाही.

नियम सगळ्यात बारकाईनं मांडलेत ते २००३ च्या साडेतीन आवृत्तीत, आणि २००९ च्या पहिल्या पाथफाइंडरनं ते जवळपास तसेच उचलले. जनावराला 'ट्रिक' शिकवायच्या, एकेका ट्रिकला एक आठवडा. बुद्धी १ असेल तर जास्तीत जास्त तीन, २ असेल तर सहा. येत असलेली ट्रिक करून घेणं म्हणजे हँडल, डीसी (फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) १०, मूव्ह ॲक्शन म्हणजे आपल्या पाळीतली एक हालचाल जाते; न येणारी करवून घेणं म्हणजे पुश, डीसी २५, पूर्ण राउंड म्हणजे अख्खी पाळी जाते; जनावर जखमी असेल तर दोन्हींत २ वाढतात. समजा तुमचा बोनस +७ आहे, तर हँडलला फाशावर ३ पडले की काम झालं, पण पुशला १८ लागतात, आणि कुत्र्याला एक फटका बसलेला असला की थेट २०. रेंजर किंवा ड्रुइड (रानावनाशी नातं असलेले कॅरेक्टरचे प्रकार) यांचा स्वतःचा साथीदार असेल तर हँडल फुकट, पुश मूव्ह ॲक्शनमध्ये आणि वर +४. नवीन पोरांना मी हे शिलेदार-बारगीर असं सांगतो: शिलेदाराचं घोडं त्याचं स्वतःचं, बारगिराचं सरकारी.

खरी मेख 'अटॅक' या ट्रिकमध्ये आहे. साध्या अटॅकवर जनावर माणसं, माणसासारखे राक्षस, महाकाय आणि दुसरी जनावरं एवढ्यांवरच जातं, चालत्या मुडद्यांवर (हाडांचे सापळे वगैरे) किंवा विचित्र प्राण्यांवर जायचं तर अटॅक दोनदा शिकवावा लागतो आणि त्यात दोन जागा जातात. आता लढाईच्या घोड्याच्या सहा आठवड्यांच्या शिकवणीत अटॅक, ये, राखण, थांब, पहारा, मागं चाल अशा सहाच्या सहा जागा भरतात, मग दुसऱ्या अटॅकला जागाच उरत नाही, त्यामुळं स्वार खाली उतरलेला असेल तर चारशे मोहरांचा घोडा हाडांच्या सापळ्यासमोर नुसता उभा. यावरून टेबलावर भांडणं ठरलेली.

पुढच्या आवृत्त्यांत ही कटकट कमी केली. २०१४ मध्ये बीस्ट मास्टर (जनावर पाळणाऱ्या) रेंजरला जनावरानं हल्ला करावा म्हणून स्वतःची ॲक्शन द्यावी लागायची, लोक वैतागले, २०२० च्या पर्यायी नियमात ते बोनस ॲक्शनवर (पाळीतल्या जादाच्या छोट्या कृतीवर) आलं. दुसऱ्या पाथफाइंडरमध्ये आपल्या तीनपैकी एक ॲक्शन दिली की साथीदार दोन करतो, फासासुद्धा टाकायचा नाही. सोपं झालं खरं, पण जनावर रिमोटवर चालल्यासारखं वाटतं.

सांगलीकडच्या टेबलांवर नियमांतल्या मॅस्टिफ कुत्र्याच्या जागी मुधोळ म्हणजे आपला कारवानी घेतात. तो नजरेनं शिकार धरणारा कुत्रा, त्यामुळं मूळ कुत्र्याची वास घ्यायची ताकद त्याला तशीच देण्यापेक्षा पळायचा वेग वाढवावा.

'थांब' ही ट्रिक लोक हमखास विसरतात. ती येत नसेल तर जनावर समोरचा पडेपर्यंत किंवा स्वतः पळून जायची वेळ येईपर्यंत लढत राहतं. मिरजेत एकदा आमच्या टेबलावर शरण आलेल्या पहारेकऱ्याचा हात कारवान्यानं धरला, मालक 'सोड, सोड' ओरडतोय, डीएम (खेळ चालवणारा) म्हणाला, "अण्णा, शीटवर थांब कुठाय?" शीटवर, म्हणजे कुत्र्याच्या नोंदीच्या कागदावर, अटॅक, ये आणि पहारा. पुशला पडले ११.