किडनी फेल्युअर आणि लघवीचं इन्फेक्शन

किडनी फेल झालेल्या माणसाच्या मूत्राशयात, मूत्रनलिकेत किंवा खुद्द किडनीत जंतू वाढून जे इन्फेक्शन होतं त्याची ही नोंद आहे. फेल म्हणजे जीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) १५ च्या खाली गेलेला, किडनीच्या आजाराची पाचवी स्टेज, मग पेशंट डायलिसिसवर असो किंवा अजून नसो. ज्यांची ट्रान्सप्लांट झालीय त्यांचाही विचार इथेच केलाय कारण त्यांचा धोका वेगळा असला तरी याच गोष्टीला जोडलेला आहे. साध्या धडधाकट माणसाच्या यूटीआयबद्दल, म्हणजे लघवीच्या इन्फेक्शनबद्दल, जे जे सांगितलं जातं, भरपूर पाणी प्या, सरबताची बाटली आणा, पाच दिवसांची गोळी घ्या, त्यातलं बरंचसं या पेशंटला लागू होत नाही आणि काही तर सरळ घातक ठरतं, म्हणून हा विषय वेगळा मांडायला लागतो.

इन्फेक्शन का होतं

लघवी जोरात आणि वारंवार होते तेव्हा मूत्रमार्गात वर चढलेले जंतू आपोआप धुतले जातात, शरीराची ही सगळ्यात जुनी आणि स्वस्त राखण. किडनी निकामी होत गेली की काहींची लघवी कमी होत जाते, दिवसाला ४०० मिलीच्या खाली, आणि डायलिसिसवर एक-दोन वर्षं गेली की बऱ्याच जणांची १०० मिलीच्या आतच किंवा पूर्ण बंद. मूत्राशय मग साचलेल्या डबक्यासारखं होतं, जे काही थोडं आत आहे ते तसंच पडून राहतं. त्यात चांगल्या किडनीची लघवी घट्ट असते, आम्लधर्मी असते, तिच्यात युरिया भरपूर असतो आणि हे सगळं जंतूंना मानवत नाही, पण खराब किडनीला लघवी घट्ट करताच येत नाही, दिवस असो रात्र असो ती पाण्यासारखी एकाच घट्टपणाची उतरते, विशिष्ट गुरुत्व १.०१० च्या आसपास अडकलेलं. म्हणजे जंतूंना रोखणारी ती गोष्टसुद्धा गेली.

वर किडनीने न गाळल्यामुळे रक्तात साठलेल्या विषांमुळे (यालाच युरेमिया म्हणतात) पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. आणि ज्या आजाराने किडनी गेली तोच आजार बहुतेक वेळा इन्फेक्शनलाही आमंत्रण देतो. डायबिटीस हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव, साखरेमुळे मूत्राशयाच्या नसा बधिर होतात, लघवी पूर्ण रिकामी होत नाही आणि जे उरतं त्यात जंतू पोसले जातात. मुतखडा, वयस्कर पुरुषांचं वाढलेलं प्रोस्टेट, लहानपणापासून लघवी उलटी किडनीकडे जाणारा रिफ्लक्स, मुलग्यांमधला मूत्रमार्गातला जन्मजात पडदा, ही सगळी अडथळ्याची कारणं. अडथळा तसाच ठेवून नुसती अँटिबायोटिक देत राहिलं तर इन्फेक्शन परत परत येणारच, हे घरच्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. आणि दवाखान्यात घातलेली लघवीची नळी. ती लागतेच तेव्हा लागते, पण गरज संपल्यावरही "असू दे, सोयीचं पडतं" म्हणून राहिलेली नळी रोज धोका वाढवते.

जंतू बहुतेक आपल्याच आतड्यातले असतात. ई. कोलाय सगळ्यात जास्त, पाठोपाठ क्लेबसिएला, एन्टेरोकॉकस, प्रोटियस, सारखं दवाखान्यात जाणाऱ्यांमध्ये स्यूडोमोनास आणि कधी कँडिडा ही बुरशी. डायलिसिसच्या पेशंटचं हॉस्पिटलशी नातं आठवड्याचं असतं, अँटिबायोटिक्सही आधी बऱ्याच होऊन गेलेल्या असतात, त्यामुळे नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारे ईएसबीएल जंतू यांच्यात जास्त सापडतात.

लक्षणं

आपल्याकडे लघवीला जळजळ सुरू झाली की उन्हाळी लागली म्हणतात. पण ज्याला लघवीच होत नाही त्याला जळजळ कुठून कळणार, सारखं जावंसं वाटणं कुठून कळणार. अशा माणसात ओटीपोटात दुखणं, कंबरेच्या एका बाजूला ठणका, थंडी वाजून ताप, थेंबभर येणाऱ्या लघवीला घाण वास किंवा पू, एवढीच लक्षणं असतात आणि म्हाताऱ्या माणसात तर नुसतं गुंगीत जाणं, असंबद्ध बोलणं, जेवण सोडणं. युरेमियात शरीराचं तापमान मुळातच थोडं कमी असतं त्यामुळे ९९-१०० चा ताप दिसला तरी तो हलक्यात घेऊ नये.

पूर्ण लघवी बंद असलेल्यांमध्ये मूत्राशयातच पू साठतो, त्याला पायोसिस्टिस म्हणतात. पेशंट "मला लघवी होतच नाही तर लघवीचं इन्फेक्शन कसं होईल" असं म्हणतो आणि ऐकणाऱ्यालाही ते पटतं, म्हणून निदान राहून जातं. सोनोग्राफीत मूत्राशयात गढूळ काहीतरी दिसतं, नळी घातली की पू बाहेर येतो, आणि तो काढून टाकणं, मूत्राशय धुणं हाच मुख्य इलाज असतो, अँटिबायोटिक जोडीला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची, मानेतल्या किंवा छातीतल्या कॅथेटरवरून डायलिसिस चालू असेल आणि ताप आला तर पहिला संशय त्या कॅथेटरवर घ्यायचा, रक्ताची कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पाठवायची, आणि मग लघवीकडे वळायचं. पोटाचं डायलिसिस असेल तर बाहेर येणारं पाणी गढूळ आहे का ते बघायचं कारण पेरिटोनायटिसमध्येही, म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्याच्या इन्फेक्शनमध्येही, पोटच दुखतं. थंडी वाजून ताप आला तर पुढच्या डायलिसिसच्या दिवसापर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

रिपोर्ट वाचताना

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. लॅबच्या कागदावर "पस सेल्स १५-२०" (लघवीतल्या पांढऱ्या पेशी) असं छापून येतं, शेजारी नॉर्मल ०-५, आणि घरात घाबरगुंडी. पण लघवी कमी होणाऱ्या डायलिसिसच्या पेशंटमध्ये इन्फेक्शन नसतानाही पस सेल्स दिसणं अगदी कॉमन आहे, लघवी थोडी आणि मूत्राशयात तासन् तास पडून राहिलेली, त्यात पेशी गोळा होतात. नुसत्या पस सेल्सवर अँटिबायोटिक सुरू करणं चूक आहे, लक्षण आहे का हा प्रश्न आधी विचारायचा. लक्षण नाही, कल्चरमध्ये जंतू आले तरीसुद्धा बहुतेकांना औषध लागत नाही, अपवाद म्हणजे गरोदर बाई आणि मूत्रमार्गाचं रक्त येणारं ऑपरेशन व्हायचं असेल तो पेशंट.

उलट बाजूही आहे. कल्चर पॉझिटिव्ह ठरवायला मिलीलीटरमागे १ लाख जंतू हा आकडा एडवर्ड कास यांनी १९५६ मध्ये मांडला आणि तो अजून लॅबमध्ये वापरतात, पण तो चांगली लघवी होणाऱ्यांवरून आलेला आहे. दिवसाला वाटीभर लघवी होणाऱ्या पेशंटला ताप आहे, ओटीपोट दुखतंय आणि कल्चरमध्ये एकाच जातीचे दहा हजार आलेत, तर ते सोडून देता येत नाही.

सँपल कसं घेतलं यावर बरंच अवलंबून असतं. जागा पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत, दोन तासांच्या आत लॅबमध्ये, नाहीतर फ्रीजमध्ये. आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्यायच्या आधी. लघवी येतच नसेल तर नर्स एकदाच नळी घालून सँपल काढते आणि लगेच नळी काढून टाकते. साठवलेल्या पिशवीतलं सँपल कधीच द्यायचं नाही.

आपल्या देशात अजून एक गोष्ट डोक्यात ठेवायला लागते ती टीबी. पस सेल्स भरपूर, कल्चर पुन्हा पुन्हा निगेटिव्ह, वजन उतरतंय, संध्याकाळी बारीक ताप, असं असेल तर मूत्रमार्गाचा टीबी शोधायचा, सकाळच्या पहिल्या लघवीची सँपल तीन दिवस लागोपाठ पाठवायची आणि सीबीनॅट (टीबीचा जंतू त्याच्या जनुकांवरून शोधणारी तपासणी) करून घ्यायची. डायलिसिसवर आणि ट्रान्सप्लांटनंतर टीबीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

औषधं

नायट्रोफ्युरँटॉइन ही साध्या यूटीआयची लाडकी गोळी, मेडिकलवाला विचारल्याबरोबर काढून देतो. ती काम करते लघवीत उतरून, आणि जीएफआर ३० च्या खाली गेला की ती लघवीत पुरेशी उतरतच नाही, इन्फेक्शन तसंच राहतं आणि औषध रक्तात साठून हातापायाच्या नसा खराब करतं, मुंग्या, बधिरपणा, आणि तो कधीकधी परत भरून येत नाही. हे एकच वाक्य जरी डायलिसिसच्या प्रत्येक घरात पोचलं तरी मोठं काम होईल.

बाकीच्या औषधांचीही आपापली अडचण आहे. कोट्रायमॉक्साझोलने पोटॅशियम वाढतं, आणि क्रिएटिनिनही (किडनीचं काम मोजायचा रक्तातला आकडा) वाढलेलं दिसतं. सिप्रोफ्लॉक्सासिनचा डोस कमी करावा लागतो, शिवाय जेवणाबरोबर घ्यायच्या फॉस्फरस कमी करणाऱ्या गोळ्या, सेव्हेलॅमर, कॅल्शियम ॲसिटेट, तसंच लोहाच्या गोळ्या पोटातच सिप्रोला धरून ठेवतात आणि ती रक्तात जातच नाही, म्हणून सिप्रो त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. अमिकासिनचं इंजेक्शन चिवट जंतूंना लागू पडतं पण कानाला आणि उरल्यासुरल्या किडनीला मारक, आणि डायलिसिसवरच्या माणसाला दिवसाची ती २०० मिली लघवी सोन्याच्या मोलाची असते कारण तेवढं पाणी त्याला जास्त पिता येतं. सेफेपिम पूर्ण डोसमध्ये दिलं तर पेशंट बरळायला लागतो, अंग झटके देतं, आणि घरच्यांना वाटतं इन्फेक्शन डोक्यात गेलं.

बरीच औषधं डायलिसिसमध्ये धुऊन निघतात म्हणून डोस डायलिसिसच्या नंतर ठेवतात, सेफॅलोस्पोरिन गटातली काही अँटिबायोटिक्स तर फक्त डायलिसिसच्या दिवशीच, शेवटी मशीनवर असतानाच दिली जातात, त्यासाठी वेगळी सुई नको. ॲडमिट व्हायची वेळ आली तर फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) हाताला सलाईन, रक्ताची सुई, बीपीचा पट्टा काहीही लावू द्यायचं नाही, वॉर्डात नवीन सिस्टर असली तर पेशंटने स्वतः सांगायचं. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालतं.

पाणी, शहाळं आणि सरबताच्या बाटल्या

उन्हाळी लागली की आजी धन्याचं पाणी देते, सब्जा भिजवते, शहाळं आणायला पिटाळते. चांगल्या किडनीला यात वावगं काही नाही. डायलिसिसवरच्या माणसाचा पाण्याचा हिशोब मात्र ठरलेला असतो, साधारण कालच्या लघवीइतकं आणि वर ५०० मिली, ते ओलांडून "इन्फेक्शन धुऊन निघेल" म्हणून दोन-तीन लीटर प्यायला तर ते पाणी बाहेर पडायला वाट नाही, पाय सुजतात, फुफ्फुसात भरतं आणि रात्री आडवं झालं की धाप लागते. शहाळ्याच्या एका ग्लासात चारशे ते सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, ज्याचं पोटॅशियम आधीच साडेपाच-सहावर आहे त्याच्या हृदयाचे ठोके त्याने बिघडू शकतात.

जळजळीवर मिळणारी ती गुलाबी-पिवळी सिरप म्हणजे सायट्रेट. काहीत सोडियम, काहीत पोटॅशियम, दोन्ही या पेशंटला नकोच, नेफ्रॉलॉजिस्टने, म्हणजे किडनीच्या डॉक्टरने, स्वतः लिहून दिलं तर गोष्ट वेगळी. गोखरू वगैरेचे काढे, "किडनी साफ करणारी" चूर्णं यांचंही तेच, आत काय किती आहे ते माहीत नसतं. प्रेमाने दिलेल्या गोष्टीला नाही म्हणणं अवघड जातं हे खरं, म्हणून घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसालाच आहारतज्ज्ञाकडे बरोबर न्यावं.

रोजच्या काळजीत मोठं काही नाही पण ते नेमाने व्हायला लागतं. थोडी होत असली तरी लघवी दाबून न ठेवणं, एकदा करून झाल्यावर दोन मिनिटांनी परत प्रयत्न करणं, बद्धकोष्ठ होऊ न देणं, साखर ताब्यात ठेवणं. पाळी गेलेल्या बायकांना वारंवार त्रास होत असेल तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा उपयोग होतो, याबद्दल बायका बोलत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत, विचारलं पाहिजे.

गाठींची किडनी

पॉलिसिस्टिक किडनीत, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या पाण्याच्या गाठींच्या आजारात, इन्फेक्शन एखाद्या गाठीच्या आत होऊ शकतं. गाठ बंद असल्याने लघवीची तपासणी आणि कल्चर दोन्ही बऱ्याचदा स्वच्छ येतात, आणि ताप मात्र हटत नाही. पेट-सीटीवर कुठली गाठ पेटलीय ते दिसतं. गाठीच्या आत सगळी औषधं शिरत नाहीत, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि कोट्रायमॉक्साझोल शिरतात, आणि कोर्स चार ते सहा आठवड्यांचा असतो. आठव्या दिवशी ताप उतरला म्हणून गोळ्या बंद केल्या तर तो परत येतो.

ट्रान्सप्लांटनंतर

नवीन किडनी बसली, लघवी धो-धो सुरू झाली, तरी यूटीआय हेच ट्रान्सप्लांटनंतरचं सगळ्यात कॉमन जंतुसंसर्गाचं दुखणं, आणि पहिल्या सहा महिन्यांत जास्त. प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली, कित्येक महिने कोरडं राहिलेलं मूत्राशय आकसलेलं, आणि नवीन मूत्रनलिकेत डीजे स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवायला आत घातलेली बारीक नळी. हा स्टेंट साधारण दोन ते सहा आठवड्यांत काढतात आणि त्याची तारीख पेशंटने स्वतः लिहून ठेवायची, आत विसरलेला स्टेंट इन्फेक्शनही करतो आणि त्यावर खडेही चढतात. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यासाठी दिलेली कोट्रायमॉक्साझोलची रोजची गोळी यूटीआयपासूनही थोडं राखते.

बसवलेल्या किडनीच्या नसा कापलेल्या असतात त्यामुळे ती सुजली तरी कंबरेतला नेहमीचा ठणका जाणवत नाही, ओटीपोटात बाजूला जिथे ती बसवलीय तिथे दाबल्यावर दुखतं, ताप येतो, क्रिएटिनिन चढतं, आणि हेच रिजेक्शनमध्येही (शरीर नवीन किडनी नाकारतं तेव्हा) होऊ शकतं म्हणून घरी अंदाज बांधत बसायचं नाही. लक्षणं नसताना कल्चरमध्ये जंतू निघाले तर मात्र, ऑपरेशनला महिना उलटून गेलेला असेल तर, औषध न देण्याची शिफारस अमेरिकेच्या आयडीएसए या संस्थेने २०१९ मध्ये केली आहे. ट्रान्सप्लांटवाल्याने स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नये याचं आणखी एक कारण, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरचं फ्लुकोनाझोल घेतलं की टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी भरकन वाढते आणि मिळालेल्या किडनीलाच इजा होते, टीबीवरचं रिफॅम्पिसिन घेतलं तर उलट, पातळी कोसळते आणि रिजेक्शनची भीती.