एडिंबराच्या किल्ल्याखालचा ज्वालामुखी

स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरात, किल्ल्याच्या दारापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत रॉयल माइल हा रस्ता उतरत जातो. हा उतार बर्फाने घडवला आहे.

किल्ला ज्या काळ्या कड्यावर आहे, तो म्हणजे सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा. वरचा डोंगर झिजून गेला, बूच तेवढं उरलं. हिमयुगात पश्चिमेकडून सरकत आलेला बर्फ या बुचाशी दुभंगला आणि दोन्ही अंगांची जमीन खरवडत गेला. कड्याच्या आडोशाचा मऊ खडक मात्र शेपटीसारखा वाचला. जुनं शहर त्या शेपटीवर वसलं. उत्तरेकडच्या खळग्यात आज बाग आणि रेल्वे स्टेशन आहे.

तीन बाजूंनी ताशीव कडा, म्हणजे आयती तटबंदी! पण असल्या घट्ट दगडात पाणी मुरत नाही. १५७३ च्या वेढ्यात तोफांच्या माऱ्याने विहीर बुजली, शिबंदी तहानेने जेरीस आली आणि किल्ला पडला.

दगड वाचायची रीत शिकवणारे जेम्स हटनही इथलेच. १७८८ साली ते दोन मित्रांना घेऊन होडीने सिकार पॉइंट या समुद्रकाठच्या टोकाला गेले. तिथे करड्या खडकाचे थर फळीवरच्या पुस्तकांसारखे उभे आहेत आणि त्यांच्या झिजलेल्या टोकांवर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित कलून पसरलेत. गाळ साचला, दगड झाला, उभा वळला, झिजला, मग वर पुन्हा वाळू. पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं धरणाऱ्या काळात हा हिशेब बसणारच नव्हता.

थर उभे कशाने झाले, हे मात्र विसाव्या शतकात उलगडलं. स्कॉटलंड आणि इंग्लंड एकेकाळी वेगवेगळ्या भूखंडांवर होते, मध्ये आयापेटस महासागर. ४० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी तो मिटला आणि तळाचा गाळ चेपून घड्या पडल्या. सांधा आजच्या सरहद्दीच्या आसपासच आहे. त्यावरून राजकारण समजावण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा.

उत्तरेत ग्रेट ग्लेन ही दरी, म्हणजे प्रस्तरभंगाची (खडकाला तडा जाऊन दोन्ही बाजू सरकल्याची) सरळ रेघ, देश चिरत जाते. बर्फाने ती उकरली, तिथे लॉख नेससारखी लांबट सरोवरं साचली. १८२२ साली याच रेघेतून कॅलेडोनियन कालवा सुरू झाला. लांबी सुमारे ९७ किलोमीटर, पण खणावा लागला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा.