गॅस सुरक्षेतील कसूर: नियामकाचा दंड आणि न्यायालयाची शिक्षा

मुंबईत रस्त्याच्या खोदकामात जेसीबीचा घाव गॅसवाहिनीवर बसून आग लागली, तर पोलिसांत गुन्हा नोंदला जातो आणि बहुतेकांना वाटते की गॅस कंपनीचाही जाब आता त्याच खटल्यात विचारला जाईल. प्रत्यक्षात वाहिनीची देखभाल नियमांनुसार होत होती का, हे तपासणारी यंत्रणा निराळी आहे आणि तिच्या दंडाचे स्वरूपही निराळे आहे.

शहरातील गॅस वितरणाचा परवाना २००६ च्या कायद्याखाली केंद्राचे पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ देते. परवान्याच्या अटी मोडल्यास, कंपनीचे म्हणणे ऐकून घेतल्यावर, मंडळ कलम २८ नुसार प्रत्येक उल्लंघनासाठी १ कोटी रुपयांपर्यंत दिवाणी दंड ठोठावू शकते. कसूर चालूच राहिल्यास दिवसाला १० लाखांपर्यंत जादा दंड लागू शकतो. त्यासाठी स्फोट झालेला असण्याची गरज नाही, आणि हेच या दंडाचे खरे बळ आहे असे मला वाटते. या आदेशाविरुद्धचे अपील विद्युत अपिलीय न्यायाधिकरणापुढे चालते.

फौजदारी खटल्यात मात्र विशिष्ट आरोपीचा अपराध निःसंशय सिद्ध करावा लागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार आग किंवा ज्वालाग्राही पदार्थाबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मृत्यू ओढवल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दोन्हींतील अंतर कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनोच्या दुर्घटनेत स्पष्ट दिसते. ९ सप्टेंबर २०१० रोजी तेथे १९५६ मध्ये टाकलेली वाहिनी सदोष जोडावर फुटली. आठ जण मृत्युमुखी पडले आणि ३८ घरे नष्ट झाली. वाहिनीची मालक असलेल्या पीजी अँड ई या गॅस कंपनीच्या नोंदींत मात्र ती वाहिनी बिनजोड असल्याचे लिहिले होते. राज्याच्या नियामक आयोगाने २०१५ मध्ये या कंपनीवर १६० कोटी डॉलरचा दंड लादला. त्यातील ८५ कोटी वाहिन्यांच्या सुरक्षेवर खर्चण्याचे बंधन घातले आणि ४० कोटी ग्राहकांना बिलांतील सवलतीच्या रूपाने परत द्यायला लावले. त्याच कंपनीला संघीय न्यायालयाने सहा आरोपांखाली दोषी धरले, पण २०१७ मधील शिक्षेत आर्थिक दंड अवघा ३० लाख डॉलर होता, कारण कायद्याने मर्यादा तेवढीच ठेवली होती; शिवाय कंपनीला पाच वर्षे न्यायालयाच्या देखरेखीखाली राहावे लागले.

कॅलिफोर्नियात दंड लावणारा आयोग राज्याचा होता. महाराष्ट्रात गॅस वितरणासाठी राज्याचा असा स्वतंत्र नियामक नाही, त्यामुळे मुंबईत स्थानिक पोलिसांत नोंदलेली तक्रार परवान्याच्या अटींच्या प्रश्नापर्यंत आपोआप पोचत नाही. तो प्रश्न केंद्रीय मंडळापुढेच मांडावा लागतो. जळालेल्या घराची किंवा उपचारांची भरपाई हवी असल्यास ग्राहक आयोगाकडे किंवा दिवाणी न्यायालयात वेगळा दावा करण्याचा मार्ग आहे.