रेड्डी, मुथुलक्ष्मी

(३० जुलै १८८६ – २२ जुलै १९६८). मद्रास इलाख्यातील डॉक्टर, समाजसुधारक व विधान परिषद सदस्य. जन्म पुदुकोट्टई संस्थानात. वडील नारायणस्वामी अय्यर प्राध्यापकी पेशातील. आई चंद्रम्माळ देवदासी घराण्यातील. १९१२ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून पदवी. १९१४ मध्ये डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी विवाह.

‘भारतातील पहिल्या महिला आमदार’ हा त्यांचा उल्लेख जपूनच घ्यावा. त्रावणकोर संस्थानात मेरी पूनन ल्यूकोस त्याआधीच विधिमंडळात होत्या. ब्रिटिश मुलखापुरता मान मुथुलक्ष्मींचा. मद्रास विधान परिषदेवरील नियुक्तीचे वर्ष कोठे १९२६, कोठे १९२७ आढळते. नेमणूक १९२६ अखेरची व कामकाज १९२७ पासूनचे धरल्यास मेळ बसतो. सदस्यत्व सरकारनियुक्त होते. उपाध्यक्षपदी मात्र सभागृहाने त्यांना निवडले.

देवदासीप्रथेविरुद्धचा त्यांचा ठराव १९२७ मधला. मुलीच्या गळ्यात देवाच्या नावे ‘पोट्टु’ (मंगळसूत्रासारखे लेणे) बांधत. आपल्याकडे मुरळी सोडत, त्याच जातीची ही चाल. पण खरी मेख इनामात होती. देवळाची जमीन सेवेच्या अटीवर असे. सेवा खंडली की जमीन जाई, म्हणून घरातली पुढची मुलगी देवाला वाहिली जाई. वतनाच्या कज्ज्यांची ओळख असलेल्या मराठी वाचकाला हे निराळे सांगायला नको. १९२६ च्या हिंदू धर्मादाय कायद्यात १९२९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा जमिनीवर जुडी (हलका सारा) बसवून ती सेवेच्या अटीतून मोकळी करण्याची वाट काढली. बंदीआधी पोटाची सोय, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

गायिका बंगळूर नागरत्नम्मांसह अनेक देवदासींनी या सुधारणेला विरोध केला. कायद्यामुळे कलापरंपरा व स्त्रियांचा वारसा तुटला, असे काही अभ्यासक मानतात; मोकळ्या झालेल्या जमिनी घरातल्या पुरुषांच्या हाती गेल्या, असेही दाखवले जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. मात्र तो दुरुस्तीच्या हेतूपेक्षा तिच्या अंमलाला लागू पडतो.

गांधीजींच्या अटकेनंतर १९३० मध्ये मुथुलक्ष्मींनी सदस्यत्व सोडले. मुली वाहण्यावर थेट बंदी मद्रासमध्ये १९४७ सालीच आली, तेव्हा त्या सभागृहात नव्हत्या. मुंबई इलाख्यात असा कायदा १९३४ मध्येच झाला होता. निराधार मुलींसाठी मद्रासमध्ये त्यांनी अव्वै इल्लम काढले. अड्यारची कर्करोग संस्थाही त्यांचीच, १९५४ ची. पद्मभूषण १९५६.