तिथ वेगळी, पित्रं वेगळे

परवा पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, आप्पांची तिथ तर श्रावणात केली की मी. मग आता पित्रं परत कशाला?" त्याला वाटलं, एकच श्राद्ध आपण दोनदा करतोय. असा घोळ आमच्या भागात बऱ्याच घरांत होतो, आणि त्याचं कारणही तसंच आहे: दोन्हीकडं कावळ्याला घास आहे, खीर आहे, पान तेच आहे आणि तिथीचा आकडाही तोच.

त्याचे आप्पा, म्हणजे माझे थोरले भाऊ, 2019 साली नागपंचमीच्या सकाळी गेले. तारीख होती 5 ऑगस्ट. पुतण्यानं मोबाइलमध्ये 5 ऑगस्टची आठवण लावून ठेवली, आणि पहिली चूक तिथंच झाली. तिथ तारखेवर चालत नाही. माणूस गेला त्या घटकेला जो महिना, जो पंधरवडा आणि जी तिथी असेल, ते तिन्ही दरवर्षी जुळावे लागतात. आप्पांचे ते तिन्ही म्हणजे श्रावण, शुद्ध, पंचमी. नागपंचमी 2020 मध्ये 25 जुलैला आली, तर 2023 मध्ये अधिक श्रावणामुळं थेट 21 ऑगस्टला. म्हणून पंचांग बघायचं, मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख नाही. पहिलं वर्ष भरताना होतं ते वर्षश्राद्ध. पुढं दरवर्षी तेच येतं, त्याला आपण नुसतं 'तिथ' म्हणतो. तो दिवस त्या एका माणसाचा.

पित्रं म्हणजे पक्ष, पोथीतला महालय. भाद्रपद वद्य प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतचा पंधरवडा. (उत्तरेकडचे लोक याच दिवसांना आश्विनाचा कृष्ण पक्ष म्हणतात, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. दिवस मात्र तेच.) इथं महिना आणि पंधरवडा बाजूला पडतात, तिथी तेवढी उरते. आप्पा श्रावण शुद्ध पंचमीला गेले काय किंवा माघ वद्य पंचमीला गेले असते काय, पक्षात त्यांची भाद्रपद वद्य पंचमीच. घोळाचं मूळ हेच.

दुसरा फरक जास्त मोठा आहे, आणि मला तोच जास्त आवडतो. पक्षात वडिलांची तिथी धरायची, पण पान एकट्या वडिलांचं नसतं. आजा-पणजा, आई-आजी, आईकडचे आजोबा, चुलते, मामा, आत्या, सासरे, गुरू, मित्र, सगळ्यांची नावं त्या दिवशी घेतली जातात. ज्यांच्या मागं पाणी सोडायला कुणीच उरलं नाही, त्यांच्यासाठीही ओंजळ सुटते. तिथीला एक पाहुणा असतो, पित्रांना अख्खी भावकी.

पक्षाला काही ठरलेल्या सवलतीही आहेत. नवरा हयात असताना गेलेल्या बाईचं नवमीला, ती अविधवा नवमी. शस्त्रानं किंवा अपघातात गेलेल्याचं चतुर्दशीला. तिथीच माहीत नसेल, राहून गेली असेल, तर सर्वपित्री अमावास्या आहेच. वर्षाच्या 'तिथी'ला हे ठरलेले दिवस लागू नाहीत. भरणी श्राद्ध, म्हणजे पक्षात भरणी नक्षत्राच्या दिवशी होणारं श्राद्ध, पहिल्या वर्षात करायचं की वर्ष झाल्यावर, यावर मात्र घराघरांत वाद आहेत. आपल्या घरची रीत धरावी आणि शेजाऱ्याशी भांडू नये.

जेवायला कुणाला बसवायचं हा जुनाच प्रश्न. पैठणला नाथांच्या घरची गोष्ट कुणाला ठाऊक नाही? श्राद्धाचा स्वयंपाक नाथांनी दारातल्या भुकेल्या अस्पृश्य कुटुंबाला वाढला. ब्राह्मणांनी जेवायला नकार दिला, तेव्हा पितर स्वतः येऊन पानावर बसले, असं सांगतात. आमच्या खेड्यात भटजी नसले तरी भावकीतला एखादा म्हातारा आणि एक सवाष्ण 'पित्र' म्हणून बसतात. खीर, वडे, कढी, कारलं, गवार, भोपळा असं साग्रसंगीत वाढतात, निखाऱ्यावर तुपाची धार आणि घास पडतो. मग सगळे छपराकडं बघत कावळ्याची वाट बघतात. नेमके त्याच दिवसांत सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि मजूर मिळत नाही. म्हणून हल्ली निम्मं गाव पित्रं अमावास्येवर ढकलतं. त्या दिवशी कावळ्यांचीही धांदल उडते.

पुतण्याला एवढं सांगितलं. तो म्हणाला, "मग माझ्या पोरानं त्याच्या आईकडच्या आजोबांचं कधी करायचं?" त्याचाही दिवस आहे: पक्ष संपल्यावर दुसऱ्याच दिवशी, आश्विन शुद्ध प्रतिपदेला. घरात घट बसत असतात आणि नातू आजोबांना पाणी देतो. बाप जिवंत असला तरी त्याला हे चालतं.

"पंचमीला सुट्टी नाही मिळाली तर?"

"अमावास्येला ये. आणि येताना कारली घेऊन ये, इकडं त्या आठवड्यात मिळत नाहीत."