‘अल्मा मेटर’मधील ‘अल्मा’ आणि स्पॅनिशमधील ‘अल्मा’

आपण जिथे शिकलो त्या शाळेला वा विद्यापीठाला ‘अल्मा मेटर’ म्हणतात. त्याचा ‘आत्म्याची माता’ असा अर्थ स्पॅनिश किंवा पोर्तुगीज जाणणारा माणूस सहज लावील, कारण त्या दोन्ही भाषांत ‘अल्मा’ म्हणजे आत्माच. अशा संस्थेला शोभेल असा हा अर्थ असला, तरी तो चुकीचा आहे.

लॅटिनमधील ‘अल्मा’ हे ‘अल्मुस’ या विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप असून ते ‘पोसणे, वाढवणे’ या अर्थाच्या ‘आलेरे’ या क्रियापदापासून आले आहे. हे विशेषण गद्यापेक्षा काव्यात अधिक वावरले, आणि तेही बहुधा देवतांच्या संगतीत: इ.स.पू. पहिल्या शतकात रोमन कवी लुक्रेशिअसने आपल्या काव्याच्या आरंभीच व्हीनसला ‘अल्मा’ म्हटले, तर व्हर्जिलने धान्यदेवता सेरेसला. पुढे ख्रिस्ती स्तोत्रांत ते मेरीकडे गेले आणि इटलीतील बोलोन्या विद्यापीठाच्या अधिकृत नावात ‘अल्मा माटेर स्टुडिओरुम’, म्हणजे विद्यांची पोषणकर्ती माता, असे स्थिरावले. माजी विद्यार्थ्याला म्हणतात तो ‘अ‍ॅलम्नस’ही ‘आलेरे’पासूनच, म्हणजे मुळात पोसलेले मूल. घटस्फोटानंतरची ‘अ‍ॅलिमनी’देखील त्याच कुळातली, आपल्या ‘पोटगी’त पोट आहे, तसे तिच्यात पोषण आहे.

स्पॅनिश ‘अल्मा’ची वाट निराळी आहे. ते नाम असून ‘श्वास, प्राण’ या अर्थाच्या लॅटिन ‘आनिमा’चे झिजलेले रूप आहे. मधला ऱ्हस्व ‘इ’ गळाल्यावर ‘न’ आणि ‘म’ ही दोन अनुनासिके शेजारी आली, आणि उच्चाराच्या सोयीसाठी ‘न’चा ‘ल’ झाला. या ‘आनिमा’चे नाते संस्कृतातील ‘अन्’, म्हणजे श्वास घेणे, या धातूशी आहे. ‘प्राण’ आणि ‘अनिल’ हे शब्द त्याच धातूचे. तेव्हा मराठी वाचकाला खरे तर हाच ‘अल्मा’ अधिक जवळचा म्हणायला हवा.

ओळखण्याची खूण व्याकरणात आहे. लॅटिन विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे अल्मुस, अल्मा, अल्मुम असे बदलते. स्पॅनिश ‘अल्मा’ मात्र नाम असल्यामुळे स्त्रीलिंगीच राहते आणि अनेकवचनात ‘अल्मास’ होते. इटालियन काव्यात मात्र या खुणेवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण तिथे विशेषण आणि नाम दोन्ही भेटतात आणि विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप नामासारखेच दिसते. चौदाव्या शतकातील पेट्रार्कच्या एका सुनीताचा पहिला शब्द ‘अल्मो’ हा सूर्याचे विशेषण आहे, तर दुसऱ्या एकाचा पहिला शब्द ‘अल्मा’ हा थेट आत्म्याला हाक मारतो.